ओगावाबाईंच्या भट्टीवर

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला मिरजेत पहिला प्रश्न असतो, "नायगारा पाहिलात का?" नाही पाहिला. "मग काय पाहिलंत?" यावर मी खरं उत्तर देते, की एक भट्टी पाहिली. आठवड्याभरात गावात बातमी फिरते की दातांच्या बाई दवाखाना बंद करून बेकरी काढणार आहेत. तेव्हा म्हटलं, एकदा काय ते लिहून टाकावं.

बेलव्ह्यू

माझा धाकटा भाऊ सतीश वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यूला राहतो. तो नेमकं काय काम करतो हे त्याने मला अनेकदा समजावलं आहे, आणि दर वेळी समजावून संपल्यावर त्यालाच शंका आलेली मी पाहिली आहे. त्याची बायको मेधा तिथल्या शाळेत गणित शिकवते. घर मोठं, स्वच्छ, आणि इतकं शांत की फ्रीज गुरगुरला तरी दचकायला होतं. शेजारी पुण्याचे, समोर नागपूरचे, मागे हैदराबादचे. संध्याकाळी फिरायला निघालं की दर वळणावर कुणीतरी विचारतं, "काकू, कधी आलात?" विमानात पाय आखडून एवढ्या लांब गेल्यावर निदान एखादा अमेरिकन दिसावा, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

या घरातली एक खोली बंद होती. सानिकाची. सानिका म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, तिथेच जन्मलेली, कॉम्प्युटरची पदवी घेऊन चांगल्या नोकरीला लागलेली. वर्षापूर्वी तिने ती नोकरी सोडली आणि ओरेगॉनमधल्या एका खेड्यात, एका जपानी बाईंकडे चिनीमातीची भांडी करायला शिकायला गेली. सतीशने आधी आरडाओरडा केला, मग अट घातली: वर्षभर काय करायचं ते कर, नंतर मुकाट्याने परत ये. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. सगळा कारभार मेधाच्या फोनवरून चालायचा. "तिला सांग, टायर बदलून घे म्हणावं." "बाबांना सांग, ऑलरेडी बदलले." शत्रुराष्ट्रं तिसऱ्याच्या वकिलातीतून बोलतात तसं.

आणि वर्ष संपत आलं होतं.

"ताई, तू जा," सतीश थालीपिठाचा तुकडा मोडत म्हणाला. "ती तुझं ऐकते."

"मी पेशंटांना गोळ्या-चॉकलेटं खाऊ नका सांगते, तेसुद्धा कुणी ऐकत नाही."

"मी तुला ड्राइव्ह करून नेतो. आत येणार नाही. मोटेलवर बसून माझं काम करीन."

मेधाच्या शाळेत परीक्षा होत्या, तिला येता येत नव्हतं. तिने डब्यात धपाटे भरले, लाडू भरले, मेतकूट भरलं, आणि शेवटी एक कुकर गाडीत ठेवायला लागली तेव्हा सतीशने तिला थांबवलं.

प्रामाणिकपणे सांगते, मला सतीशचंच पटत होतं. गुबगुबीत खुर्ची सोडून चिखलात हात घालायला जाणारी माणसं मला समजत नाहीत. मी स्वतः आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घातले आहेत, पण खुर्ची चांगली होती. पेशंटची, माझी नव्हे.

दक्षिणेकडे

सकाळी निघालो. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना काळीकुट्ट उंच झाडं आणि वरून अशी भुरभुर, की पाऊस म्हणावा तर केस भिजत नाहीत आणि नाही म्हणावं तर चष्मा पुसून हात दुखतो. आडव्या रचलेल्या ओंडक्यांचे ट्रक धडधडत पुढे जात होते. सतीश वेगमर्यादेच्या काटेकोर आत. मिरजेत याच मुलाने एके काळी रेल्वे फाटकाखालून सायकल वाकवून नेली होती.

ओरेगॉनमध्ये शिरल्यावर पेट्रोल भरायला थांबलो. तिथे अजूनही काही पंपांवर माणूस पेट्रोल भरून देतो. सतीशला सवय स्वतः भरायची. तो उतरला, पंपावरचा दाढीवाला गृहस्थही आला, आणि दोघांनी एकदमच नळी धरली. "आय गॉट इट." "नो नो, आय गॉट इट." हॉटेलात जेवणाच्या बिलावरून होते तशी ओढाओढ झाली आणि त्यात थोडं पेट्रोल सतीशच्या बुटावर सांडलं. पुढचा सगळा प्रवास गाडीत पेट्रोल आणि धपाट्यांचा मिश्र वास. काच खाली केली तर थंडी, वर केली तर वास.

"एवढी तणतण कशाला करतोस?" मी विचारलं.

"ताई, तुला माहितेय, तिला दुसऱ्या कंपनीने पण बोलावलं होतं? तिने नाही म्हणून सांगितलं. भांड्यांसाठी! आपल्या आईने भांडी घासायला बाई मिळावी म्हणून नवस केले होते."

मी धपाट्यांचा डबा उघडला.

मोटेल हायवेला लागून होतं. खोलीत मोठ्या अस्वलाचं चित्र, खाली तशाच रंगाचा गालिचा. सतीशने लॅपटॉप उघडला, कानात यंत्र घातलं आणि अस्वलाखाली बसून तो मीटिंगमध्ये बोलायला लागला. दुपारी त्याने मला कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी सोडलं. लांबवर पत्र्याची शेड, जुनं लाकडी घर आणि धूर नसलेलं धुराडं दिसत होतं. गाडी थांबवून तो स्टिअरिंग धरूनच बसला. सानिका शेडमधून बाहेर येईपर्यंत थांबला आणि ती वळून बघायच्या आत गाडी रिव्हर्स घेऊन पसार झाला.

ओगावाबाईंचं अंगण

"आत्या!" सानिकाने मिठी मारली ती कोपरांनी, कारण हात मातीने भरले होते. केस वर बांधलेले, नखं मुळापासून कापलेली, आणि गालावर पांढरा पट्टा. "बाबा कुठेयत?"

"मोटेलवर. मीटिंग आहे."

"ऑफ कोर्स," ती म्हणाली.

तिच्या मागून ओगावाबाई आल्या. सत्तरीच्या, लहानखुऱ्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. तरुणपणी जपानच्या दक्षिणेकडून लग्न करून इथे आल्या. नवरा जंगलखात्यात होता, तो गेला, मुलं शहरांत गेली, भट्टी राहिली. हसताना त्या तोंडावर हात धरत. पण हाताआडून मला वरच्या बसवलेल्या दातांचा ब्रिज दिसलाच. उत्तम काम. कुणी केलं ते विचारायचं फार मनात होतं, पण पहिल्याच भेटीत बरं दिसलं नसतं.

फळीवर त्यांची भांडी होती. वाट्या, पेले, बशा, एक पोटाला फुगीर आणि गळ्याला चिंचोळी फुलदाणी. रंग कसा सांगू? नीळ घातलेल्या बादलीत पांढरं धोतर शेवटचं खळबळून काढल्यावर ओल्या कापडाला जो येतो, तसा. आहे म्हणावं तर पांढराच. पण जवळ घेऊन बघितलं की पांढऱ्याच्या पोटात फुलं होती, रंगवलेली नव्हे, कोरलेली. कोरलेल्या खाचेत झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, साचून तिथे निळा गडद झाला होता, उंचवट्यावर फिका. मी पेला खिडकीकडे धरला तर पलीकडे माझी बोटं दिसली.

"याला सेइहाकुजी म्हणतात," ओगावाबाई इंग्रजीत म्हणाल्या. "निळसर पांढरं."

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे या मातीला चिनीमाती म्हणतात. म्हटलं आता या रागावणार. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो."

ओल्यापेक्षा सुकी आणि सुक्यापेक्षा ओली, चपलेच्या चामड्याइतकी घट्ट झालेली एक वाटी मांडीवर घेऊन सानिका बसली आणि कोरायला लागली. हत्यार बघून मी उडालेच. लांब दांडा, टोकाला छोटंसं वाकडं पातं. असली हत्यारं माझ्या ट्रेमध्ये रोज असतात. आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावत. मी म्हटलं, आण इकडे.

ओगावाबाईंनी मोठ्या मनाने एक बशी दिली. मी पदर खोचला आणि शेवंती कोरायला घेतली. सानिकाने पाकळी कशी काढायची ते दाखवलं: एका बाजूने उभा काप, दुसऱ्या बाजूने उतरता. मी अगदी तसंच केलं. तासाभराने ओगावाबाई चष्मा लावून बघायला आल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ही," त्या अदबीने म्हणाल्या, "दाढ आहे का?"

होती. खालची, डावी, पहिली दाढ. खड्डे-उंचवटे सगळे जिथल्या तिथे. हात शेवटी आपल्या वळणावर जातो.

भट्टी भरताना

दुसऱ्या दिवशी भट्टी भरायची होती. सगळ्यांत शेवटी सानिकाने दोन्ही हातांनी एक परातीएवढी वाटी आणली. वरून झिलईचा कोरडा लेप, भिंतीला चुना लावल्यासारखा. आत काय कोरलंय ते दिसेना, म्हणून तिने फोनवर आधीचा फोटो दाखवला. काठापासून तळापर्यंत शेवंतीच शेवंती, एकीत एक गुंतलेल्या पाकळ्या. ती म्हणाली, जपानात हे राजघराण्याचं फूल आहे. मी म्हटलं, आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टरच्या बॉनेटवर असतं.

"आत्या, हिच्यात निळा रंग नाहीये. या वरच्या ग्लेझमध्ये पिंचभर आयर्न असतं. भट्टीत हवा कमी केली की ते निळं होतं. हवा जास्त झाली तर पिवळट."

"म्हणजे श्वास कोंडला की निळं. पेशंट पण तसेच होतात."

ती हसली, मग वाटी फळीवर ठेवून तिथेच उकिडवी बसली. "ही पोर्टलंडच्या एक्झिबिशनला पाठवायचीये. सिलेक्ट झाली तर ओगावा-सान मला इथे पार्टनर करून घेतील. नाही झाली तर मी परत येईन. आय प्रॉमिस्ड मॉम."

मी ज्या कामासाठी आले होते ते काढायची हीच वेळ होती. मी नोकरी, इन्शुरन्स, म्हातारपण, सगळं ओळीने म्हणून दाखवलं. सतीशने गाडीत पाठ करून घेतलं होतं. सानिकाने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू डेंटिस्ट का झालीस?"

"मेडिकल थोडक्यात हुकलं म्हणून."

"अँड?"

"आणि काय? लोक तोंड उघडून बसले, मी कामाला लागले."

"आवडलं?"

कुणी हे मला विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "दात उपटायला नाही आवडत. पण भरायला आवडतात. छान भरलेली दाढ बघितली की दिवस बरा जातो."

"मग बस ना, यार," ती म्हणाली आणि वाटी आत ठेवायला वळली. आत्याला यार म्हणते.

दुपारी ओगावाबाईंनी भाताचे त्रिकोणी गोळे दिले. मध्ये खारवलेला आलुबुखार. तो दाताखाली आला आणि माझ्या तोंडातल्या झाडून सगळ्या फिलिंगांनी हजेरी लावली. बदल्यात मी त्यांना मेतकूट-भात कालवून दिला. त्यांनी डोळे मिटून खाल्ला आणि विचारलं की हे औषध आहे का. मी म्हटलं, एका अर्थी.

भट्टी पेटली

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच सानिकाने भट्टी पेटवली. मी नाश्ता करून पोचले तोवर भट्टी घुमत होती. विटांची, कपाटाएवढी, खाली गॅसच्या ज्वाळा. दारात एक बोटभर भोक. त्यातून पिवळी जीभ लवलवत बाहेर येत होती, म्हणजे आत हवा कमी, म्हणजे सगळं ठीक. काळा चष्मा लावून मी आत डोकावले. नारिंगी प्रकाशात भांडी स्वतःच पेटल्यासारखी दिसत होती. त्यांच्यापुढे मातीच्या छोट्या उभ्या कांड्या. त्या वाकल्या की समजायचं, उष्णता पुरी झाली.

दुपारपर्यंत कांड्या ताठच. ओगावाबाई एकदा भोकाकडे बघत, एकदा घड्याळाकडे. मग भोकातली जीभ आखूड झाली. मग गेलीच.

सानिका मागे धावली. शेडमागे आडवी मोठी गॅसची टाकी होती आणि तिच्या खालच्या अंगावर पांढरं बर्फ साचलं होतं. गॅस भरणारा ट्रक लांबला होता, टाकीत तळाला उरलेला गॅस. बाहेर गारठा आणि आत भट्टीची ओढ. टाकी गोठली आणि प्रेशर पडलं.

"कोमट पाणी ओतत राहायचं," ओगावाबाई म्हणाल्या. "कढत नाही, कोमट. सतत." पण त्यांचा खांदा दुखावलेला, माझे गुडघे नावापुरते, आणि सानिकाला बर्नर सोडता येईना. स्वयंपाकघर अंगणाच्या त्या टोकाला.

मी सतीशला फोन लावला.

"ये."

"तिने बोलावलंय?"

"टाकीने बोलावलंय. प्रेशर पडलंय. आई शेगडी मंदावली की काय करायची?"

"परातीत गरम पाणी घालून सिलिंडर उभा करायची."

"तेच करायचंय. फक्त सिलिंडर म्हशीएवढा आहे."

कच्च्या रस्त्यावरून त्याची गाडी अशी उडत आली, की वेगमर्यादा वगैरे बोलायची सोय राहिली नाही. इस्त्रीचा शर्ट, कानात अजून मीटिंगचं यंत्र. तो उतरला, टाकीवरून हात फिरवला आणि यंत्र काढून खिशात टाकलं. ऑफिसातल्या कुणाचं तरी वाक्य तिथेच तुटलं असणार.

त्यानंतर माझा भाऊ बादल्या वाहत होता. स्वयंपाकघर ते टाकी, टाकी ते स्वयंपाकघर. मी नळाशी बसून पाण्यात हात घालून बघत होते, कोमट आहे की नाही. त्याचे बूट चिखलाने माखले, शर्ट पोटापर्यंत भिजला. वर्षभरात लेकीशी बोललेला पहिला शब्द भट्टीआडून ओरडून होता: "प्रेशर?"

"वर येतंय!" भट्टीपलीकडून उत्तर आलं.

"आता?"

"स्टेडी! डोन्ट स्टॉप!"

एका खेपेला तो धापा टाकत माझ्यापाशी थांबला. मी न राहवून म्हटलं, "सत्या, ही वाटी चांगली निघाली तर ती इथेच राहणार. वाईट निघाली तर घरी येणार. तू कुणाच्या बाजूने पाणी ओततोयस ते तुला कळतंय का?"

"ताई, बादली भरलीय," तो म्हणाला आणि ती उचलून गेला.

दिवेलागणीला कांड्या वाकल्या. सानिकाने गॅस बंद केला. एवढा वेळ घुमणारा आवाज थांबला आणि आम्ही सगळे एकमेकांशी उगाचच मोठ्याने बोलत होतो ते कळलं. ओगावाबाईंनी सतीशला दिवंगत नवऱ्याचा स्वेटर दिला. तो अंगात घालून, हरणांची नक्षी छातीवर मिरवत, तो लेकीसमोर बसला. बापलेकीने गरम नूडल्स खाल्ल्या. बोलणं फक्त टाकीबद्दल झालं, पण खूप झालं.

दार उघडलं

पुढचा अख्खा दिवस भट्टी निवत होती. घाई केली तर भांडी तडकतात. आम्ही गावात जाऊन बेरीचं सारण भरलेला 'पाय' नावाचा गोड पदार्थ खाल्ला. तो इतका गोड होता की मला व्यवसायाच्या दृष्टीने गावाचं भवितव्य उज्ज्वल दिसलं.

निघायच्या दिवशी सकाळी दार उघडलं. वरच्या फळीवरचे पेले आधी बाहेर आले, अजून उबदार. तो निळा. शेडमध्ये एक बल्ब आणि बाहेर करडं आभाळ असतानाही तो निळा कुठून उजेड घेत होता कोण जाणे. माझी दाढ-बशीसुद्धा निघाली, आणि खोटं कशाला बोलू, देखणी दिसत होती.

मग सानिकाने परातीएवढी वाटी काढली.

समोरून बघताना मला वाटलं, जिंकली पोरगी. शेवंतीच्या पाकळ्यांच्या कडांवर निळं पाणी साचलं होतं, मधला भाग धुक्यासारखा. तिने वाटी फिरवली. पलीकडची बाजू पिवळट होती, पिठल्यात बुडवून काढल्यासारखी. प्रेशर पडलं तेव्हा त्या अंगाला हवा लागली होती.

जपानी लोक मोडक्यातोडक्यातही सौंदर्य बघतात, तड्यात सोनं भरतात, असं मी कुठेकुठे वाचलं होतं. म्हटलं आता ओगावाबाई काहीतरी गूढ बोलतील. ओगावाबाईंनी कोपऱ्यातली बादली पुढे ओढली आणि हातोडी काढली. त्यांच्या स्वतःच्या दोन बशा वाकल्या होत्या. त्यांनी त्या बादलीवर धरल्या, ठाक ठाक फोडल्या आणि हातोडी टेबलावर ठेवली. कुणाला काही सांगितलं नाही.

सानिकाने हातोडी उचलली.

"एक मिनिट, एक मिनिट!" सतीश मध्ये पडला. "काय करतेयस? फर्स्ट क्लास वाटी आहे!"

"बाबा, इट्स नॉट राइट."

"मागची बाजू कोण बघतंय? भिंतीकडे करून ठेवायची. पाठव तशीच. नाहीतर मला दे. दही लावू. कोशिंबीर ठेवू. अगं, आमच्या ऑफिसात अशा अर्ध्या गोष्टी आम्ही बिनदिक्कत रिलीज करतो! खाली बारीक अक्षरात लिहितो, दुरुस्ती नंतर."

"कोण बघतंय म्हणजे?" सानिका म्हणाली. "मी बघतेय ना."

आणि तिने वाटी फोडली. एका फटक्यात नाही फुटली. जाड होती. दुसऱ्याने फुटली. उरलेला मोठा तुकडा तिने पुन्हा उचलून फोडला. डोळ्यांत पाणी नव्हतं, ओठ मात्र मेधासारखे घट्ट मिटले होते. शेवंतीच्या पाकळ्या बादलीत पडल्या.

सतीश त्या बादलीकडे बघत राहिला. मला वाटतं, वर्षभर त्याला पोरगी खेळायला गेली आहे असंच वाटत होतं. खेळणारं पोर खेळणं असं फोडत नाही.

सानिकाने हातोडी ठेवली आणि हात जीन्सला पुसले. "ओके. वर्ष संपलं, आय नो. प्रॉमिस इज प्रॉमिस. मी बॅग भरते. मला एक तास दे."

ओगावाबाईंनी मान खाली घातली. मी सतीशकडे बघितलं. त्याने यासाठीच तर एवढी गाडी हाकली होती. तो चष्मा काढून अजून अंगात असलेल्या स्वेटरच्या हरणावर पुसायला लागला.

"पुढची भट्टी कधी लावता?" त्याने ओगावाबाईंना विचारलं.

"जानेवारीत."

"तेव्हा थंडी आणखी असेल. एका टाकीवर नाही चालणार. दोन टाक्या जोडून घ्याव्या लागतील." मग सानिकाकडे न बघता, मराठीत, "मी येईन. माप घेऊन ठेव."

सानिका दारातच उभी होती. "बाबा..."

"टाकीचं माप," तो खेकसला. "आणि पाइपचं."

परतताना

दोघे जणच परत निघालो. हायवेला लागल्यावर सतीशने गाडीतल्या स्पीकरवर मेधाला फोन लावला.

"ती येत नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे ती येत होती. मीच नको म्हणालो. तसं म्हणालो नाही, पण... अगं, तिने स्वतःच्या हाताने फोडली ती वाटी. एवढी कोरलेली. समोरून काही दिसतसुद्धा नव्हतं! मी म्हटलं पाठव, तर म्हणते मी बघतेय. मेधा, असं काम मी कधी केलं नाही गं. हातोडीने, दोनदा, तीनदा..."

मेधाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"तिच्या हाताला नाही ना काही लागलं?"

सतीशने माझ्याकडे बघितलं. मी सतीशकडे. मी दातांची का होईना, डॉक्टर. शेजारी उभी होते. दोघांपैकी एकानेही पाहिलं नव्हतं.

पुढच्या एक्झिटला त्याने गाडी वळवली.

आम्ही पोचलो तेव्हा सानिका अंगणात नळाखाली बादली धूत होती. "काय विसरलात?"

"हात दाखव," सतीश म्हणाला.

तिने दोन्ही हात पुढे केले, आधी तळवे, मग मागची बाजू. कुठे कापलं नव्हतं. फक्त मातीने कोरडे पडून बोटांची पेरं उलली होती, खेड्यातल्या बायकांची थंडीत उलतात तशी. सतीशने ते हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"क्रीम तरी लावत जा काहीतरी," तो म्हणाला.

"लावते, बाबा," सानिका मराठीत म्हणाली.